बालसभेत मुलं गप्प का बसतात, आणि बोलली की आपण काय करायचं

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मूळचे बीडकडचे. देवगड तालुक्यात समुद्राकाठच्या द्विशिक्षकी शाळेत दीड वर्षापूर्वी रुजू झालात. पहिली ते पाचवीचा पट ३१. दर महिन्याला बालसभा घेता, पण मुलं प्रत्येक गोष्टीला "हो सर" म्हणून मोकळी होतात. मागच्या महिन्यात तुम्ही खूपच खोदून विचारलंत तेव्हा एक मागणी आली: गृहपाठ बंद करा. ती बातमी घरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी दोन पालक येऊन म्हणाले, पोरांना विचारून शाळा चालवणार काय, उद्या डोक्यावर बसतील. आता तुम्हाला प्रश्न पडलाय, की मुलांना बोलतं कसं करायचं, आणि एवढ्या लहान मुलांना शाळेच्या निर्णयांत घेणं खरंच जमतं, की ते अहवालात लिहिण्यापुरतंच असतं.

जमतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून सत्तावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतेय, त्यातली बरीच वर्षं द्विशिक्षकी शाळांत. पण तुम्ही प्रश्न "मुलांना बोलतं कसं करू" असा मांडलाय. माझ्या अनुभवात अडचण तिथे नसते. मुलं बोलतात, वर्गाबाहेर तर अखंड बोलतात. आधी कधीतरी ती शाळेत काहीतरी बोलली, आणि त्याचं पुढे काय झालं हे त्यांना कुणी येऊन सांगितलं नाही, खरी अडचण ही असते. दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा मूल "हो सर" म्हणतं. त्यात त्याचा वेळ वाचतो आणि आपलाही.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. राजापूर तालुक्यात असताना एका वर्षी सहल कुठे न्यायची हे मुलांना विचारायचं ठरवलं. गणपतीपुळे-जयगड, रत्नागिरीचं मत्स्यालय आणि मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला, अशी तीन नावं फळ्यावर लिहिली. हात वर करून मोजणी झाली. होडीतून किल्ल्यात जायचं म्हणून सगळे हात सिंधुदुर्गाला. खरं म्हणजे एसटीची गाडी गणपतीपुळ्याची आधीच ठरलेली होती. मला वाटलं होतं मुलं पुळेच म्हणतील. मग मी सांगून टाकलं, यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. मुलांनी कुरकुर केली नाही, सहलीत मजाही केली. पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं तेव्हा चौथीतली एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्हीच ठरवा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

नंतर एका प्रशिक्षणात अभ्यासक रॉजर हार्ट यांची शिडी समजली. मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्यांची ही मांडणी त्यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी केली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. हार्ट या तिन्हींना सहभाग मानतच नाहीत. माझी सहल तिसऱ्या पायरीवर होती. विचारलं नसतं तर मुलांचं एवढं बिघडलं नसतं. ठरवून झाल्यावर विचारलं, तिथे बिघडलं.

म्हणून सभेआधी बसून एक गोष्ट करा, आणि ती तुमच्या जोडीदार शिक्षकांबरोबर करा. कुठला निर्णय खरोखर मोकळा आहे ते पक्कं करा. माझ्याकडे काही गोष्टी मुलांच्या हातात पूर्ण सोडलेल्या असतात: परिपाठात काय म्हणायचं, वर्गात कोण कुठे बसणार, वाचनकोपऱ्याचे नियम, मधल्या सुट्टीत मैदानाचा कुठला भाग लहानांना राखायचा, लोकवर्गणीतून आलेल्या पैशांतले काही शे रुपये खेळसाहित्यावर कसे खर्चायचे. काही गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकून मी ठरवते, जसं गृहपाठ, सहल, स्नेहसंमेलनातली कामं. आणि काही गोष्टी त्यांच्याकडे नसतातच. मुसळधार पावसात व्हाळ, म्हणजे ओढा, भरला असेल तर पलीकडच्या वाडीतल्या मुलांना साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, कधी सोडायचं, हे मी ठरवते. "बाई, आमी जातंव रोज" असं मुलं कितीही म्हणाली तरी. हा फरक मुलांना आधीच उघड सांगावा. "हे तुम्ही ठरवायचं, यात मी तुमचं ऐकून ठरवेन, आणि हे माझं काम आहे" असं स्पष्ट सांगितलेलं पहिलीतल्या मुलालाही समजतं. फसवलं गेलं की तेही त्याला समजतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असणार, आणि ती तुमच्या हातात आहे. तुमची मराठी आणि मुलांची बोली वेगळी. मालवणी मूल सरांसमोर प्रमाण भाषेत बोलायला उभं राहिलं की त्याची निम्मी शक्ती वाक्य जुळवण्यात जाते. मग "हो सर" हेच सोपं. बालसभेत बोलीतच बोलायचं हे पहिल्या दिवशी जाहीर करा, आणि तुम्हाला एखादा शब्द कळला नाही तर मुलांनाच अर्थ विचारा. माझ्या एका शाळेत आंब्याच्या बागेवर राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला मुलगा होता. दुसरीतला, वर्षभर मुका बसलेला. त्याला चित्र काढून सांगायची मुभा दिली तेव्हा कळलं की त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण यात सगळं आलं.

वेंगुर्ला तालुक्यातली शाळा, जुलै महिना, पट २६. पाचवीच्या मुलांनी पाठकोऱ्या कॅलेंडरवर शाळेचा नकाशा काढला: वर्ग, पडवी, किचनशेड, विहीर, शौचालय, आंब्याचं झाड. मी टिकल्यांची दोन पाकिटं आणली होती, लाल आणि हिरवी. जिथे आवडतं तिथे हिरवी टिकली लावायची, जिथे भीती वाटते किंवा नकोसं होतं तिथे लाल. नाव लिहायचं नाही. नकाशा मागच्या भिंतीला लावला, एकेकानं जाऊन टिकल्या लावायच्या, आणि मी पाठ करून बसले.

विहिरीवर दोन-तीन लाल टिकल्या पडतील असं मला वाटत होतं. विहिरीवर एकही नव्हती. मुलींच्या शौचालयाच्या दारावर अकरा होत्या, एकमेकींवर चिकटवलेल्या. वासामुळे असेल असं मी धरून चालले. तरी मुलींना वेगळं बसवून विचारलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग दुसरीतली एक म्हणाली, "बाई, ता दार उघडनाच नाय." पावसात लाकडी दार फुगायचं. ओढून लावलं की चौकटीत अडकून बसायचं, आणि कडी एवढी वर की लहान मुलींचा हात टाचा उंचावल्यावर जेमतेम पोचायचा. आदल्या पावसाळ्यात एक मुलगी मधली सुट्टी संपेपर्यंत आत अडकली होती. ती दार बडवत होती, पण वरच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की कुणाला ऐकूच गेलं नाही. तेव्हापासून लहान मुली शाळेत शौचालयाला जात नव्हत्या. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नव्हत्या. आणि आम्ही परिपाठात रोज सांगत होतो, मुलांनो, भरपूर पाणी प्या.

शाळेच्या माहितीत आम्ही दरवर्षी लिहीत होतो: मुलींसाठी स्वतंत्र शौचालय, आहे, वापरात आहे. त्यात खोटं काही नव्हतं. पण जी पाच-सहा वर्षांची मुलगी ते वापरते तिच्या उंचीवरून आमच्यापैकी कुणीच ते दार पाहिलं नव्हतं. मुलांना का विचारायचं, याचं यापेक्षा मोठं कारण मला माहीत नाही.

एका मुलाचे वडील सुतार. त्यांनी शनिवारी दुपारी येऊन दाराच्या कडेला आणि खाली रंधा मारला, कडी दोन फूट खाली आणली. दीड तासाचं काम. पण सोमवारी जे केलं ते मला या कामाइतकंच महत्त्वाचं वाटतं. सगळ्या मुलांना पडवीत बसवलं, "तुम्ही टिकल्यांनी जे सांगितलंत त्याचं हे झालं" असं सांगितलं, आणि पहिलीतल्या सगळ्यांत लहान मुलीला दार लावून, कडी घालून, परत उघडून दाखवायला सांगितलं. तिनं तीनदा दाखवलं. त्या दिवसानंतर त्या शाळेत "बाई, तुम्हीच ठरवा" हे वाक्य मी ऐकलं नाही.

यासाठी मी एक वही ठेवते. साधी दोनशेपानी वही, सुतळीनं खिळ्याला टांगलेली, मुलांचा हात पोचेल अशी. डाव्या पानावर मुलांनी काय सांगितलं, उजव्या पानावर त्याचं काय झालं, तारखेसह. "झालं नाही" हेही लिहायचं आणि कारण लिहायचं: पैसे नाहीत, परवानगी मिळाली नाही, मला पटलं नाही. दर बालसभा मागच्या उजव्या पानाच्या वाचनानं सुरू होते. उजवं पान कोरं असेल तर नवा विषय घ्यायचा नाही, आधी ते भरायचं. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये मुलांच्या मताबद्दल चार गोष्टी मांडल्या: बोलायला जागा, बोलायला मदत, ऐकणारं माणूस आणि त्या बोलण्याचा परिणाम. आपल्या शाळांत पहिल्या दोहोंवर मेहनत होते, भाषणं बसवून घेतली जातात. शेवटच्या दोन गोष्टी म्हणजे ते उजवं पान.

सभा कशी घ्यायची ते थोडक्यात सांगते. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नको, लहान मुलं कंटाळतात. सगळे गोलात, आपणही खाली मांडी घालून. हातात करवंटी असेल त्यानं बोलायचं, नको असेल तर पुढे द्यायची. सुरुवात पहिलीपासून करायची, कारण पाचवीचा मुलगा आधी बोलला की खालचे सगळे त्याचंच म्हणतात. विषय एकच.

मतदानाबद्दल मात्र मी आता सावध झालेय. सुरुवातीला मला मतदान फार आवडायचं. चित्रं चिकटवलेले डबे, प्रत्येकाच्या हातात एक काजूबी, आडोशाला जाऊन हव्या त्या डब्यात टाकायची. पहिलीलाही जमतं, गुप्त राहतं, मोजायला गणिताचा तास होतो. पण एका शाळेत माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी एकाच वाडीतल्या मुलांचं म्हणणं जिंकतंय. त्या वाडीतून सोळा मुलं, खालच्या वाडीतून सात. कोकणात वाडी म्हणजे काय ते तुम्हाला दीड वर्षात कळलं असेल, वाडीबरोबर जात येते. सात मुलं दर वेळी लोकशाही पद्धतीनं हरत होती. त्यांच्या दृष्टीनं शाळा त्यांना तेच शिकवत होती जे गाव शिकवतो.

तेव्हापासून मतदान फक्त किरकोळ गोष्टींना. बाकी ठिकाणी पाळी लावायची, चिठ्ठी टाकायची, नाहीतर "ज्याला हे नको आहे त्याला काय दिलं तर चालेल" असं विचारत राहायचं. वेळ लागतो. मुलांच्या शालेय मंत्रिमंडळातली खाती मी दोन महिन्यांनी फिरवते, नाहीतर मुख्यमंत्री कायम हुशार मुलगा आणि स्वच्छता कायम त्याच त्या मुलींकडे जाते. स्वच्छतेचं काम कुणाकडे जातंय यावर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.

पोषण आहारावर मुलं हमखास बोलतात. तिथे एक काळजी घ्या. आमच्याकडे मुलं म्हणाली, आमटी तिखट असते. पहिली-दुसरीतली निम्मी मुलं भात कोरडाच खाऊन उठत होती. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे, आणि त्यातली बरीच प्रथिनं त्या आमटीतून येतात. म्हणजे तक्रार खरी आणि महत्त्वाची. पण स्वयंपाक करणाऱ्या ताई गावातल्याच, अगदी तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या. मुलांची तक्रार घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले असते तर शाळेतल्या सगळ्यांत कमी ताकदीच्या मोठ्या माणसावर मुलांचा आवाज चालवल्यासारखं झालं असतं. मी ताईंनाच बालसभेत बोलावलं, मुलांच्या शेजारी बसवलं. मुलांनी त्यांना आधी आवडणाऱ्या पदार्थांची नावं सांगितली, मग तिखटाचं. तोडगा ताईंनीच काढला: मसाला घालण्याआधी लहानांची आमटी वेगळ्या टोपात काढायची. माझ्या डोक्यात ते आलं नसतं.

आता तुमचा गृहपाठ. "बंद करा" ही मागणी आहे, तिच्या मागे काय आहे ते अजून तुम्ही विचारलेलं नाही. पुढच्या सभेत एवढंच विचारा: गृहपाठ कधी करता, कुठे बसून करता, अडलं तर कोणाला विचारता. माझ्या मुलांकडून आलेली उत्तरं अशी होती: संध्याकाळी होड्या लागल्या की आईबरोबर मासळी निवडायला जावं लागतं. पावसात वीज जाते ती रात्री उशिरा येते. भावंडं वही फाडतात. घरी विचारायला कोणी नाही, आणि चुकलं तर सकाळी सगळ्यांसमोर उभं करतात. हे शेवटचं कारण माझ्या जोडीदार शिक्षकांना लागलं, पण त्यांनी ते मान्य केलं. मी मुलांना सांगितलं, वाचनाचा सराव सोडायचा नाही, हे माझ्याकडे. किती, कधी आणि कुठे, हे तुम्ही सांगा. ठरलं ते असं: शाळा सुटण्याआधीची वीस मिनिटं गृहपाठाची, पाचवीनं दुसरीला आणि चौथीनं पहिलीला मदत करायची, घरी फक्त एक पान मोठ्यानं वाचायचं. ते एक पान बहुतेकांनी वाचलं. तुमच्या गावात कारणं वेगळी असतील, तोडगाही वेगळा निघेल.

पालकांचं म्हणणं झटकून टाकू नका. त्यांना भीती आहे की धाक गेला तर शिकणं जाईल, आणि पोरांच्या शिक्षणासाठी त्यांनी खूप सोसलेलं असतं. कायदा सांगायचा तर आपल्या बाजूनं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १२ मध्ये मुलाला त्याच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे, ते मत वय आणि समज पाहून लक्षात घ्यायचं आहे. भारतानं ती १९९२ मध्ये स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही मुलाला भयमुक्त ठेवणं आणि मोकळेपणी मत मांडायला मदत करणं आलंय. पण पालकसभेत मी कलमं वाचत नाही. एकदा असाच वाद चालू असताना एका खलाशी पालकानंच उत्तर दिलं. ते म्हणाले, "होडयेर तांडेल एकच. पण पाण्याचो रंग बदललो ह्या नवख्या पोरान सांगल्यान तरी तांडेल आयकता. नाय आयकलो तर जाळा जातली." तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. नंतर त्या सभेत कुणी डोक्यावर बसण्याचं बोललं नाही. तुमच्या गावात असा पालक असेल, त्याला शोधा. त्या दोघा पालकांनाही एका बालसभेला मागे येऊन बसायला सांगा.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दलही थोडं सांगते. तिच्यात ७५ टक्के पालक असतात, आणि आपल्या राज्यात दोन विद्यार्थीही घ्यायचे असतात. बहुतेक ठिकाणी ती दोन मुलं सभेत चहाचे कप फिरवतात आणि सही करून जातात. त्यांचा विषय पहिला ठेवा, दहा मिनिटं. बालसभेतला कागद त्यांनी वाचायचा किंवा चित्र दाखवायचं, समितीनं त्यांच्यासमोर उत्तर द्यायचं, मग त्यांना खेळायला सोडायचं. ते इतिवृत्तात लिहा. चहा दुसऱ्या कुणीतरी द्यावा.

आणि एक गंभीर गोष्ट. मुलांना विश्वास वाटू लागला की कधीतरी कुणीतरी मारहाणीचं किंवा नकोशा स्पर्शाचं सांगेल. ते बालसभेत घ्यायचं नाही, वहीत लिहायचं नाही. मूल आणि तुम्ही एवढंच बसून शांतपणे ऐकायचं आणि त्याच दिवशी कायद्याप्रमाणे कळवायचं. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन क्रमांक मुलांना पाठ असू द्या. कोणी वाईट हेतूनं स्पर्श केला तर ते लपवणं मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे, मग सांगणारं मूल पाच वर्षांचं असलं तरी.

दोन शिक्षकांत, ऑनलाइन माहिती भरण्याच्या धबडग्यात हे सगळं एकदम होणार नाही, करूही नका. या शनिवारी नवा विषय काढू नका. गृहपाठाच्या मागणीला अजून उत्तर मिळालेलं नाही, मुलं त्याचीच वाट बघतायत. करवंटी पहिलीच्या मुलाच्या हातात द्या, ते तीन प्रश्न विचारा आणि जे येईल ते त्यांच्याच बोलीत डाव्या पानावर उतरवून घ्या.